कण्या

चरईतल्या एका पोटमाळ्यावर एकतीस वर्षं
मी लोकांच्या कवळ्या केल्या.
डॉक्टरांकडून डबा यायचा, डब्यात प्लास्टरचा जबडा,
त्यावर निळ्या पेन्सिलीनं नंबर.
माणूस कधी येत नसे.
हिरड्यांच्या गुलाबीत किती छटा असतात
हे मला झोपेतही सांगता आलं असतं.
तोंडाला वास असतो, हे नसतं आलं.

खारी नऊ वर्षांची झाली
आणि एका बाजूनं चावू लागली.
पोळीचा कडक काठ तोंडात धरून न्यायची,
सोफ्यामागे ठेवून यायची,
उधारीची चिठ्ठी लपवावी तशी.
मी म्हटलं, लाडावलीय.
डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली.
म्हटलं, गांधीलमाशी असेल. हळद लावली.
विजयमाला म्हणाली, अहो, दातवाले ना तुम्ही?

खारेगाव नाक्यापुढे, टायरच्या दुकानाला लागून
डॉक्टर केणीबाईंचा दवाखाना.
बाकावर टोपलीत एक रागीट मांजर,
एक लॅब्रॅडोर, आणि त्याचा मालक
फोनवर कुणाला सिमेंटचा भाव सांगत.
केणीबाईंनी खारीचा ओठ
नुसत्या अंगठ्यानं वर केला, शटर करावं तसा.
आत नऊ वर्षं साचलेली.
ओहोटीला खाडीपुलाच्या खांबांवर
कालवांचे थर उघडे पडतात,
तसं काहीतरी, तपकिरी, दगडासारखं.

‘कधी उघडून बघितलं नव्हतं?’
मी चष्मा पुसत बसलो.

वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात,
ती अख्खी निघत नाही,
तिचे तुकडे करून एकेक काढावा लागतो,
त्या सांगत होत्या.
सूज डोळ्याची नव्हतीच.
मुळाशी साचलेला पू
बाहेर पडायला वाट शोधत होता.
आधी रक्त तपासू, मग भूल.
संमतीच्या कागदावर एक रकाना: प्राण्याशी नातं.
हात सवयीनं लिहून गेला: टेक्निशियन.

अकरा दात निघाले. बाटलीत घालून दिले त्यांनी,
मीच मागितले म्हणून.
रात्री वर्तमानपत्रावर पसरले,
भिंग लावून, वरची कमान, खालची कमान,
जमतील तसे मांडले.
हयातीत पहिल्यांदा माझ्या टेबलावर
एकही दात खोटा नव्हता.

टाके बघायला गेलो तेव्हा विचारलं, कवळी?
केणीबाई हसल्या.
मी काय काम करत होतो ते कळल्यावर थांबल्या.
‘तिला आरसा लागत नाही, काका.
दुखायचं थांबलं, तिचं भागलं.’

शेठपुढे मी दातांच्या कण्या केल्यात,
दिवाळीच्या बोनससाठी,
बापूच्या फीसाठी, पंख्यासाठीसुद्धा.
हल्ली कण्या शिजवतो.
तांदळाच्या, पातळ, वरून कोंबडीचं पाणी.
खारी भांडं ढकलत ढकलत
फ्रीजपर्यंत नेते आणि तिथं चाटून संपवते.
जीभ एका बाजूनं बाहेर लोंबते.
बेचाळिसातले उरलेत एकतीस,
आणि भूक पिल्लाची.

रोज रात्री बातम्या लागल्या की
बोटावर रबरी टोपी चढवतो.
पेस्ट कोंबडीच्या चवीची.
आपली चालत नाही, तिला थुंकता येत नाही ना.
पहिल्या आठवड्यात कडकडून चावली मला,
बिनदातांच्या बाजूनं.
मुद्दाम की चुकून, अजून कळलेलं नाही.

काल तिचं आटोपलं तरी
विजयमालानं टॉर्च विझवला नाही.
माझी डावी दाढ पावसाळ्यापासून हलतेय,
भाकरी मी उजवीकडेच चावतो.
म्हटलं, माझं काही दुखत नाही.

‘तीही हेच म्हणायची,’ ती म्हणाली. ‘आ करा.’